खमीर फुगत का नाही?

लखनौच्या अमीनाबादेत मिळणाऱ्या खमिरी रोटीची कणीक यीस्ट या सूक्ष्म जीवांमुळे फुगते. ते पिठातील शर्करा खाऊन कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. थंडीत कणीक फुगली नाही, तर ती लगेच टाकून देऊ नये. २५ ते ३० अंश सेल्सिअसच्या उबेत मंदावलेले यीस्ट पुन्हा कार्य करू लागते. कढत पाण्याने मेलेले मात्र जिवंत होत नाही. मीठ अधिक पडल्यासही किण्वन रेंगाळते. कणीक फार आंबली, तर आम्लकारी जीवाणू वरचढ झाले असे समजावे. १८५६ साली फ्रान्समधील लील येथे बिटापासून मद्यार्क बनविताना असाच बिघाड झाला. लुई पाश्चर यांना सूक्ष्मदर्शकातून निकोप द्रवात वाटोळ्या यीस्टपेशी, तर आंबलेल्यात काडीसारखे जीवाणू दिसले. म्हणून उपायापूर्वी कारण शोधावे.