कुरणातील अळंबी : ओळख, उपयोग आणि सावधगिरी

मृगाच्या सरी कोसळल्या, जमीन भिजली आणि दोन दिवस ऊन पडले की गवताळ माळावर, शाळेच्या पटांगणावर किंवा गायरानात रातोरात पांढऱ्या छत्र्या उभ्या राहिलेल्या दिसतात. ग्रामीण भागात त्यांपैकी काहींना अळंबी म्हणून मान मिळतो, तर उरलेल्या सर्वांना ‘कुत्र्याची छत्री’ या एकाच नावाने बाजूला सारले जाते. या दोहोंतील भेद केवळ चवीचा नाही. प्रसंगी तो जीवनमरणाचा ठरतो. म्हणूनच जगभर गवताळ प्रदेशात आढळणारी कुरणातील अळंबी आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या विषारी जाती यांचा परिचय ग्रामीण कार्यकर्त्यांना व शिक्षकांना असणे उपयुक्त आहे.

अळंबी म्हणजे काय?

अळंबी ही वनस्पती नव्हे. तिच्यात हरितद्रव्य नसल्याने सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने स्वतःचे अन्न ती तयार करू शकत नाही. रॉबर्ट व्हिटेकर या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात कवकांना वनस्पती व प्राणी यांच्याहून वेगळी, स्वतंत्र सृष्टी मानले आहे. आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे कवकाचे केवळ फळ होय. त्याचे खरे शरीर म्हणजे जमिनीखाली पसरलेले बारीक पांढऱ्या तंतूंचे कवकजाल. विजेच्या कडकडाटाने अळंबी उगवते असा समज आहे. वस्तुतः छत्रीचे बारीक गोळे आधीच तयार होत असतात. पावसाचे पाणी शोषून ते झपाट्याने फुगतात व उमलतात, इतकेच.

कुरणातील अळंबीची लक्षणे

या अळंबीचे शास्त्रीय नाव अगॅरिकस कॅम्पेस्ट्रिस. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये तिची नोंद केली. कॅम्पेस्ट्रिस हा शब्द ‘मैदान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. युरोप, उत्तर अमेरिका व आशियातील गवताळ भागांत ती आढळते आणि भारतातूनही तिची नोंद झालेली आहे.

तिची छत्री पांढरी, प्रथम गोलाकार व पुढे पसरट होणारी असून साधारणपणे ३ ते १० सेंटीमीटर रुंद असते. छत्रीच्या खाली कल्ल्यांसारखे पातळ पडदे असतात. कोवळेपणी ते गुलाबी असतात आणि बीजुके पिकत जातात तसे ते चॉकलेटी-तपकिरी होतात. हे पडदे दांड्याला चिकटलेले नसतात. दांडा आखूड व पांढरा असून त्यावर एक नाजूक कडे असते, जे पुष्कळदा गळून पडते. दांड्याच्या तळाशी पेल्यासारखे आवरण मुळीच नसते. कापल्यावर गर पांढराच राहतो किंवा किंचित तांबूस होतो. तो पिवळा पडत नाही.

कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांवर ही अळंबी जगते. त्यामुळे गुरे, घोडे व मेंढ्या चरतात आणि त्यांचे शेण-लीद जमिनीत मुरते, अशी जुनी कुरणे तिला मानवतात. कवकजाल मध्यापासून चोहोबाजूंनी वाढत गेल्याने कधी कधी छत्र्या वर्तुळात उगवतात. युरोपात अशा वर्तुळांना पऱ्यांच्या नाचाच्या जागा मानीत.

रानातून शेतीकडे

बाजारात पुडीतून मिळणारी पांढरी बटण अळंबी ही कुरणातील अळंबीची सख्खी बहीण, पण वेगळी जात आहे. तिचे नाव अगॅरिकस बायस्पोरस. तिची लागवड फ्रान्समध्ये घोड्याच्या लिदीच्या खतावर सुरू झाली आणि तूर्नफोर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७०७ मध्ये त्या पद्धतीचे वर्णन केले. भारतात या शेतीचा पाया हिमाचल प्रदेशातील सोलन येथे घातला गेला. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९८३ मध्ये तेथे अळंबी संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन केले. आज ते अळंबी संशोधन संचालनालय म्हणून कार्यरत आहे. बटण अळंबीला थंड हवा लागते. महाराष्ट्राच्या उष्ण हवामानात गव्हाच्या काडावर किंवा भाताच्या पेंढ्यावर घेता येणारी धिंगरी अळंबी लहान शेतकऱ्यांस व बचत गटांस अधिक सोयीची आहे.

फसवे साम्य

कुरणातील अळंबी खाद्य असली, तरी गवतात उगवलेली प्रत्येक पांढरी छत्री ती नव्हे. तिच्याशी साम्य असणाऱ्या तीन विषारी जाती विशेष लक्षात ठेवाव्यात.

पहिली क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. ही उष्ण प्रदेशातील हिरवळीवर व माळावर उगवते. छत्री मोठी, पांढरी व वर तपकिरी खवले असलेली असते. कोवळेपणी हिचे पडदे पांढरे असतात आणि पुढे त्यांवर हिरवट छटा येते. ही खाल्ल्यास काही तासांतच तीव्र उलट्या व जुलाब सुरू होतात.

दुसरी अगॅरिकस झँथोडर्मस. ही कुरणातील अळंबीच्याच कुळातील आहे. दांड्याचा तळ कापताच तो भडक पिवळा होतो आणि शाईसारखा किंवा जंतुनाशकासारखा उग्र वास येतो. हिनेही पोट बिघडते.

तिसरी व सर्वांत घातक म्हणजे अमॅनिटा गटातील प्राणघातक जाती. त्यांचे पडदे पांढरेच राहतात, दांड्याच्या तळाशी पेल्यासारखे आवरण असते आणि त्या बहुधा झाडांच्या सान्निध्यात उगवतात. हा पेला मातीत दडलेला असतो. छत्री वरचेवर खुडली तर तो दिसतच नाही. शिवाय कोवळ्या अवस्थेत या जाती बंद अंड्यासारख्या असतात व बटण अळंबीचा भास करून देतात.

बीजुकांचा ठसा : शाळेसाठी एक प्रयोग

उमललेल्या छत्रीचा दांडा कापून ती पडद्यांची बाजू खाली करून अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर ठेवावी आणि वर वाटी पालथी घालावी. रात्रभरात बीजुके गळून कागदावर ठसा उमटतो. अगॅरिकसचा ठसा गडद तपकिरी, क्लोरोफायलमचा हिरवट, तर अमॅनिटाचा पांढरा येतो. प्रयोग शिक्षकांनी स्वतः हाताळावा, छत्री चाखू देऊ नये आणि नंतर हात धुवावेत.

मात्र या ठशाची मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. हिरवा किंवा पांढरा ठसा आल्यास ती कुरणातील अळंबी नाही हे निश्चित होते. पण तपकिरी ठसा आला म्हणून ती खाण्यास योग्य ठरत नाही, कारण झँथोडर्मसचा ठसाही तपकिरीच असतो. प्रयोग हा ज्ञानासाठी आहे, स्वयंपाकासाठी नव्हे.

गैरसमज आणि उपाय

विषारी अळंबीसोबत शिजविल्यास चांदीचा चमचा किंवा लसूण काळा पडतो, किडे व गोगलगायी खातात ती अळंबी माणसालाही चालते, उकळून पाणी टाकले की विष जाते, हे समज निराधार आहेत. अमॅनिटाचे विष शिजवून किंवा वाळवून नष्ट होत नाही. ते खाल्ल्यावर सहसा ६ ते २४ तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात. मग रुग्णाला बरे वाटू लागते आणि नेमक्या त्याच काळात यकृत निकामी होत असते. एप्रिल २०२२ मध्ये आसामच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत रानटी अळंबी खाल्ल्याने १३ जण दगावले. त्यांत चहामळ्यांतील श्रमिक कुटुंबांतील माणसे अधिक होती.

म्हणून अळंबी खाल्ल्यानंतर त्रास सुरू होताच, तो थांबला तरीही, रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते. उरलेली अळंबी किंवा तिचे तुकडे सोबत न्यावेत आणि ती किती वाजता खाल्ली हे डॉक्टरांना सांगावे. त्याच जेवणात सहभागी झालेल्या इतरांचीही तपासणी करून घ्यावी.

ज्या गावांत वारुळावरची अळंबी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते, तेथील जाणत्या माणसांपाशी त्या विशिष्ट जातीचे अनुभवसिद्ध ज्ञान असते. परंतु एका जातीविषयीचे व एका परिसरातील ज्ञान दुसऱ्या जातीला लावता येत नाही. कामासाठी परमुलखात गेलेली कुटुंबे नेमकी येथेच फसतात, कारण ओळखीची वाटणारी छत्री तेथे वेगळीच असू शकते. पावसाळ्याच्या आरंभी ग्रामसभेत हा विषय घेणे, शाळेत बीजुकांच्या ठशांचा तक्ता लावणे आणि वीटभट्ट्या, ऊसतोडणी व बांधकाम यांच्या वस्त्यांपर्यंत ही माहिती पोहोचविणे, एवढे प्रत्येक ग्रामपंचायतीस सहज करता येईल. अळंबीची हौस असणाऱ्यांनी लागवडीची अळंबी खावी आणि रानातल्या अनोळखी छत्रीचे दुरूनच निरीक्षण करावे, हाच शहाणपणाचा मार्ग होय.