सांध्यातील छुपा दोष

कारखान्यांत जिला ‘मिग’ किंवा ‘सीओटू’ वेल्डिंग म्हणतात, ती पद्धत १९४८ साली अमेरिकेतील बॅटेल संस्थेत प्रथम ॲल्युमिनियमसाठी विकसित झाली. तिच्यात रिळावरची तार यंत्राने सतत पुढे सरकते, तिच्या टोकाशी विद्युत् प्रज्योत पेटते आणि वितळलेल्या धातूचे हवेपासून रक्षण वायू करतो. काम झपाट्याने होते. परंतु धोकाही त्यातच आहे. खालचे पोलाद पुरेसे तापलेले नसले, तरी तार वितळून त्यावर साचतच राहते. सांधा वरून सुबक दिसतो. प्रत्यक्षात नवा धातू जुन्यावर नुसता टेकलेला असतो. भार पडताच तो तेथूनच उकलतो.

हा दोष सपाट फटीसारखा असल्याने क्ष-किरणांनाही कित्येकदा हुलकावणी देतो. म्हणून कामापूर्वी नमुन्याचा सांधा करून तो वाकवून पाहावा; किंवा आडवा कापून, घासून, त्यावर सौम्य अम्ल लावावे. धातू एकजीव झाला नसेल, तेथे काळी रेघ उमटते.

कारण शोधताना यंत्राकडे शेवटी वळावे. प्रथम पृष्ठभाग पाहावा : गंज, तेल व लाटणीची काळी पापडी काढली आहे काय? नंतर हात पाहावा. प्रज्योत वितळलेल्या डबक्याच्या पुढच्या कडेवर असली पाहिजे. वेल्डर फार सावकाश सरकला, किंवा उभ्या सांध्यावर वरून खाली आला, तर डबके प्रज्योतीच्या पुढे ओघळते आणि उष्णता खालच्या धातूपर्यंत पोहोचत नाही. जाड पत्र्यावर म्हणूनच खालून वर जाणे श्रेयस्कर.

तिसरी बाब तारेच्या मोकळ्या लांबीची. टॉर्च दूर धरल्यास ही लांबी वाढते, तारेचा विरोध वाढतो व प्रवाह घटतो. सर्वांत शेवटी प्रवाह तपासावा. कमी प्रवाहावर तार सेकंदाला वीस ते दोनशे वेळा डबक्याला टेकते. ही रीत पातळ पत्र्याला योग्य, जाड पोलादाला घातक होय. तारेचा वेग वाढवल्यास प्रवाह वाढतो. त्याला साजेसा विद्युत् दाबही वाढवावा लागतो.

दोष आढळल्यास त्यावर दुसरा थर चढवून भागत नाही. तो खाली तसाच राहतो. दोषयुक्त धातू घासून पूर्णपणे काढावा आणि सांधा नव्याने भरावा. त्या सांध्यावर विसंबून कोणीतरी उभे राहणार असते.