शंका-समाधान : कीबोर्डवर चहा सांडला, बटण अडकले

शंका : मुलाच्या लॅपटॉपवर चहा सांडला. लगेच पुसला आणि त्याने काम चालू ठेवले. चार दिवसांनी काही बटणे चिकटू लागली. काय चुकले? (एक वाचक, भूगाव)

समाधान : पुसलात ते बरोबर, पण लॅपटॉप चालू ठेवायला नको होता. ओलाव्यात वीज वाहत राहिली की आतल्या तांब्याच्या बारीक रेषा गंजून तुटतात. त्यात आपला चहा दूध-साखरेचा. पाणी उडून जाते, साखर आतच राहते आणि भूगावच्या पावसाळी दमट हवेत पुन्हा चिकट होते.

आता लॅपटॉप बंद ठेवा आणि दुरुस्तीवाल्याकडून उघडून आतून साफ करून घ्या. कीबोर्ड बदलावाच लागला, तर तो सुटा निघतो की वरचे अख्खे पॅनेल बदलावे लागते, हे आधी विचारा. खर्चात मोठा फरक पडतो.

पुन्हा कधी काही सांडले, तर आधी भिंतीवरचा स्विच बंद करून चार्जर काढा. पॉवरचे बटण दाबून धरा आणि लॅपटॉप पूर्ण बंद करा. मग तो उघडाच, तंबूसारखा पालथा ठेवा आणि सुती फडक्याने टिपून घ्या. तांदळात ठेवून आतले पाणी निघत नाही, उलट तांदळाची पूड आत जाते. हेअर ड्रायरने प्लॅस्टिक वाकते. बॅटरी आतच असल्याने बंद लॅपटॉपमध्येही वीज राहते, म्हणून त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याला गाठा.

शंका : शेजारी बांधकाम सुरू आहे, घरभर धूळ. इंग्रजी ‘ई’ अडकतो आणि मराठी टाइप करताना काना उमटत नाही. घरी साफ करता येईल का? (एक वाचक, भूगाव)

समाधान : येईल. दोन्ही तक्रारी एकाच बटणाच्या आहेत, कारण इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या मांडणीत काना ‘ई’वरच असतो. लॅपटॉप बंद करून तिरका धरा, मऊ ब्रशने धूळ झटका. चिकटपणा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओलावलेला कापसाचा बोळा बटणाच्या कडेने फिरवा. ते पेट घेते, म्हणून गॅस-उदबत्तीपासून लांब बसा आणि पूर्ण सुकल्यावरच लॅपटॉप सुरू करा. बटण उपटू नका. खालच्या प्लॅस्टिकच्या कड्या नाजूक असतात.

एक मात्र सर्वांनीच लक्षात ठेवा. कीबोर्ड मधोमध फुगून वर आल्यासारखा दिसला, तर ती धूळ नव्हे. आतली बॅटरी फुगलेली असू शकते. तो दाबू नका, चार्जिंगला लावू नका. लगेच बंद करून जाणकाराकडे न्या.