गाडी जलद, पाऊस मोठा : ग्राहकाला टायर कोणता द्यावा?

टायर, पंक्चर आणि गॅरेजच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. काहींची स्वतःची दुकाने आहेत, काही दुसऱ्याच्या दुकानात कारागीर म्हणून काम करतात. पूर्वी गिऱ्हाईक येई आणि “चांगला टायर टाका” एवढेच सांगून बाकावर बसे. आता ते मोबाइलवर काहीतरी वाचून येते. विशेषतः ज्याच्याकडे जलद धावणारी, महागडी गाडी आहे ते गिऱ्हाईक विचारते, “समर टायर घेऊ, विंटर घेऊ की ऑल सीझन?” कधी त्याचा भाचा जर्मनीत असतो आणि त्याने फोनवरून विंटर टायरची शिफारस केलेली असते. अशा वेळी दुकानदाराने “सगळे एकच असतात, सेठ” असे म्हटले तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते. जे महाग असेल ते त्याच्या गळ्यात मारले, तर पहिल्याच पावसात तो भांडायला परत येतो, किंवा परत येण्याच्या स्थितीतही राहत नाही. म्हणून हा विषय नीट समजून घेतला पाहिजे.

हे प्रकार मूळचे थंड देशांतले आहेत. टायरचे रबर म्हणजे नुसते रबर नव्हे. त्यात काजळी, सिलिका, तेले आणि इतर रसायने मिसळलेली असतात आणि या मिश्रणावर टायरचा स्वभाव ठरतो. समर टायरचे मिश्रण गरम रस्त्यावर घट्ट राहील असे केलेले असते. हवेचे तापमान साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले की ते कडक होऊ लागते आणि त्याची पकड कमी होते. विंटर टायरचे मिश्रण मऊ असते आणि ते थंडीतही लवचिक राहते. त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर बर्फाला धरणाऱ्या बारीक बारीक चिरा असतात. ऑल सीझन हा या दोन्हींमधला समझोता आहे.

आता मुंबईचे पाहू. सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवर नोंदलेले सर्वांत कमी तापमान ७.४ अंश आहे आणि ते २२ जानेवारी १९६२ च्या पहाटेचे आहे. म्हणजे ज्या आकड्याखाली विंटर टायरचे काम सुरू होते, तो आकडा मुंबईने सर्वांत थंड पहाटेही गाठला नाही. विंटर टायरचा प्रश्न आपल्या शहरापुरता इथेच मिटतो.

पण गिऱ्हाईकाची अडचण वेगळी असते. त्याला “समर टायर” हे नाव खटकते. “चार महिने पाऊस आणि तुम्ही मला उन्हाळ्याचा टायर देता?” असे तो विचारतो. प्रश्न रास्त आहे, घोटाळा नावाचा आहे. युरोपातल्या उन्हाळ्यात पाऊसही पडतो. म्हणून समर टायर कोरड्या आणि ओल्या अशा दोन्ही रस्त्यांसाठीच बनवतात. त्याला “बर्फाशिवाय बाकी सगळ्याचा टायर” म्हटले तर गिऱ्हाईकाला चटकन समजते. आपल्या बाजारात नव्या गाड्यांसोबत येणारे बहुतेक टायर याच जातीचे असतात, मग विकणारा त्यांना काहीही नाव देवो.

विंटर टायर आपल्याकडे वापरला तर काय होते? तापलेल्या डांबरावर मऊ ठोकळे वळवळतात, वळणावर गाडी सैल वाटते, टायर भराभर झिजतो आणि ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते. युरोपातील मोटार संघटनांनी उन्हाळ्यात घेतलेल्या चाचण्यांतही हेच दिसून आले आहे. शिवाय बर्फासाठी बनवलेल्या अनेक टायरांवर वेगाचे अक्षर “क्यू” असते, म्हणजे ताशी १६० किलोमीटरची मर्यादा. ज्या गाडीला कारखान्याने “डब्ल्यू”, म्हणजे २७० ची मर्यादा सांगितली आहे तिला असा टायर बसवणे चुकीचेच.

हे सांगण्याचे कारण आहे. माझ्या ओळखीच्या एका कारागिराने सेकंड-हँड मालातून चार विदेशी टायर घेतले होते. नक्षी जवळजवळ पूर्ण होती, रबर नखाने दाबले की दबत होते. “सॉफ्ट रबर, ग्रिप एकदम जबरदस्त” असे विकणाऱ्याने सांगितले, याने ते खरे मानले आणि एका तरुणाच्या जर्मन गाडीला बसवले. मार्चमध्ये बसवलेले टायर जूनपर्यंत कडेने खाल्ले गेले. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी, ही खूण स्पष्ट होती, पण तिचा अर्थ दोघांनाही माहीत नव्हता. कारागिराने पैसे परत केले आणि तोटा सोसला. त्याची नियत साफ होती, माहिती कमी पडली.

ती डोंगर-चांदणीची खूण असलेला टायर बर्फावरच्या चाचणीत उतरलेला असतो. नुसते “एम प्लस एस”, म्हणजे चिखल आणि बर्फ, ही अक्षरे मात्र कारखानदार स्वतःच्या मताने छापू शकतो, त्यासाठी चाचणी लागत नाही. जर्मनीने ऑक्टोबर २०२४ पासून बर्फाळ रस्त्यासाठी केवळ या अक्षरांवर भागत नाही, डोंगराची खूण हवी, असा नियम केला आहे. आपल्याकडे “ऑल सीझन आहे” असे सांगून जादा पैसे मागणाऱ्याला एवढेच विचारावे की इथल्या कोणत्या सीझनसाठी? जलद गाडीला ऑल सीझन टायर चालणारच नाही असे नाही, पण त्यात बर्फासाठी केलेल्या तडजोडीचे पैसे गिऱ्हाईक भरतो आणि कोरड्या रस्त्यावरची थोडी पकड गमावतो.

मग मुंबईच्या गिऱ्हाईकाने पाहायचे काय? पाणी कापण्याची ताकद. यासाठी थोडा हिशेब करू. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाण्याचा थर आहे आणि गाडी ताशी ८० च्या वेगाने जात आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. छोट्या गाडीचा १५५ मिलिमीटर रुंदीचा टायर असेल तर त्याला दर सेकंदाला जवळपास १० लिटर पाणी बाजूला सारावे लागते. जलद गाडीचा टायर २२५ मिलिमीटर रुंद असला तर तेच काम १५ लिटरचे होते. हे पाणी जाणार कुठून? नक्षीच्या खोल खाचांतून. खाचा उथळ झाल्या की पाणी अडते, टायर त्यावर तरंगू लागतो आणि हातातले स्टिअरिंग एकदम हलके होते. रुंद टायर पाहून मालकाला वाटते की आपली गाडी रस्त्याला चिकटून आहे. कोरड्यात ते खरे आहे. पाण्यात मात्र रुंद आणि झिजलेला टायर हा अरुंद टायरपेक्षा लवकर धोका देतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ प्रमाणे गाडीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. दुचाकी आणि तीनचाकीसाठी ही मर्यादा ०.८ आहे. खाचांच्या तळाशी रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात, नक्षी झिजून त्यांना टेकली की मर्यादा संपली. पण हा कायद्याचा शेवटचा आकडा आहे, त्याला सुरक्षिततेचा आकडा समजू नये. नव्या टायरला साधारण ७ ते ८ मिलिमीटर नक्षी असते. ज्याला अटल सेतूवर, ईस्टर्न फ्रीवेवर किंवा पुणे एक्स्प्रेसवेवर पावसात जायचे आहे, त्याला ३ मिलिमीटर राहिले की टायर बदलायला सांगावे. खोली मोजायचा छोटा गेज फार महाग नसतो. तो गिऱ्हाईकासमोर लावून आकडा दाखवावा. तोंडी सल्ल्यापेक्षा आकड्यावर माणूस लवकर विश्वास ठेवतो.

हवेचेही तसेच. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या नासा संस्थेतील संशोधकांनी विमानांच्या टायरांवर प्रयोग करून असे दाखवले की हवेचा दाब कमी असेल तर टायर कमी वेगातच पाण्यावर तरंगतो. त्यांच्या सूत्राने पाहिले तर ३३ पौंड हवेला हा वेग ताशी सुमारे ९५ किलोमीटर येतो, २४ पौंडाला ८१ च्या आसपास. मोटारीला हा आकडा तंतोतंत लागू होईल असे नाही, नक्षी आणि रस्ता यांवरही पुष्कळ अवलंबून असते. पण दिशा तीच आहे. “पावसात हवा कमी ठेवा, ग्रिप वाढते” असे आपल्यातले काही जुने उस्ताद अजूनही सांगतात. त्यांचा मान राखून म्हणावे लागते की जलद गाडीच्या बाबतीत हा सल्ला उलटा आहे. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत लिहिला असेल तोच दाब, टायर थंड असताना भरावा.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जात असली तरी. यावर दुकानात वाद होतो. पुढची चाके घसरली तर चालकाला ते हातात कळते आणि वेग कमी केला की गाडी सावरते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते आणि सामान्य चालकाच्या हातात काही राहत नाही. मात्र काही जलद गाड्यांना पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर असतात, तिथे अदलाबदल करता येत नाही. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत नवे-जुने मिसळण्यापूर्वी कंपनीचे पुस्तक पाहावे. टायरवरचा फिरण्याचा बाण आणि “आऊटसाइड” हा शब्द तर प्रत्येक वेळी पाहावा. उलटा बसलेला टायर कोरड्यात बोलत नाही, पावसात बोलतो.

माप वाचण्याची सवय करावी. २२५/४५ आर १७ ९१ डब्ल्यू, यातील ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलोचा भार. गिऱ्हाईकाचे पैसे वाचवण्यासाठी याहून कमी भाराचा किंवा कमी वेगाच्या अक्षराचा टायर देऊ नये. ४५ म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे फक्त १०१ मिलिमीटर. आणि इथे आपल्याला हिंदमाताचा विचार करावा लागतो.

दादर आणि परळच्या मधला हिंदमाता चौक बशीसारखा सखल आहे. कापडाच्या खरेदीसाठी तो जितका प्रसिद्ध, तितकाच पाणी तुंबण्यासाठी. २०२१ पासून महापालिकेने प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली साठवण टाक्या बांधल्या, हिंदमाता आणि परळचे उड्डाणपूल रस्ता उंच करून एकमेकांना जोडले. त्यामुळे फरक पडला आहे. तरी मोठा पाऊस आणि भरती एकत्र आली तर मुंबईतल्या सखल भागांचा भरवसा धरता येत नाही. अशा पाण्यात गाडी पायी चालण्याच्या वेगाने जाते, तिथे टायर तरंगण्याचा प्रश्नच नसतो. तिथे भीती दुसरी असते. पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. छोट्या गाडीचा उंच टायर तो धक्का गिळतो. शंभर मिलिमीटरच्या टायरात धक्का सरळ रिमवर जातो, आतले धागे तुटतात आणि दोन दिवसांनी बाजूला फुगा येतो. फुगा आलेल्या टायरला पॅच लावू नये, तो फेकायचाच. आणि गाडी बुटकी असेल तर हवेच्या नळीतून पाणी इंजिनात जाते, मग टायरचा खर्च किरकोळ वाटावा असा खर्च येतो. पाण्यातून गाडी काढलेला गिऱ्हाईक आला की चाक उतरवून आतली बाजूही पाहावी. फुगा बऱ्याचदा आतल्या बाजूला असतो.

आता दुकानदाराच्या भांडवलाचा प्रश्न. जलद गाड्यांची मापे अनेक आणि खप थोडा. असा माल भरून ठेवला तर पैसा अडकतो आणि टायर म्हातारा होतो. टायरवर चार आकडी तारीख असते : २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. पाच वर्षांनंतर टायरची दरवर्षी तपासणी व्हावी आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी तो वापरू नये, असे मोठे कारखानदार सांगतात. म्हणून ही मापे वितरकाकडून मागणीनुसार आणावीत आणि बयाणा घ्यावा. विदेशी टायरांचे म्हणाल तर जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत टाकली. आयएसआय खूण नसलेला “बाहेरचा माल” स्वस्तात कोणी देऊ लागला तर तो का स्वस्त आहे हे आधी शोधावे. जुन्या टायरच्या खाचा गरम पात्याने खोल करून, वर काळे पॉलिश मारून विकणारेही आहेत. मोटारीच्या टायरला असे खोदले की खाली पोलादी तारा जवळ येतात. खाचेच्या तळाच्या पट्ट्या कापलेल्या दिसल्या तर तो माल हातात धरू नये.

बिलावर टायरचे माप, तारखेचा आकडा आणि जुना टायर असल्यास नक्षीची मोजलेली खोली लिहून द्यावी. उद्या तक्रार आली तर दोघांनाही सोयीचे होते. तपासणीचे काम मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात करून घ्यायला गिऱ्हाईकांना फोन करावा. पहिल्या सरीत रस्त्यावरची धूळ आणि तेल वर येते आणि उड्डाणपुलांवर गाड्या घसरतात, त्याच्या आधी हे झालेले बरे.

राहिला तो गिऱ्हाईक, जो डिसेंबरात गाडी घेऊन मनालीला निघाला आहे. त्याला विंटर टायर खरोखर उपयोगी आहे, पण पंधरा दिवसांसाठी चार टायर घेणे परवडणारे नाही, आणि जाता-येता हजारो किलोमीटर गरम रस्त्यावर ते झिजणार. त्याला चाकाच्या मापाच्या बर्फाच्या साखळ्या सोबत ठेवायला सांगावे, बुटक्या टायरला त्या बसतात की नाही हे इथेच लावून पाहावे, आणि पुढचा बर्फाचा टप्पा तिथल्या टॅक्सीने करण्याचा सल्ला द्यावा.