जामीनदार कोण होणार?

धम्मबांधव-भगिनींनो,

तळोजा मध्यवर्ती कारागृह आपल्या पनवेल तालुक्यातच आहे. परंतु भिंतीआडच्या माणसांशी आपला काही संबंध आहे, असे आपल्याला वाटत नाही. 'काहीतरी केले असेल म्हणूनच आत गेला' असे म्हणून आपण मोकळे होतो. वास्तविक २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातील दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांचा गुन्हा शाबीत झालेला नव्हता.

आम्ही बँकेत नोकरी करतो. कर्जाला जामीनदार लागतो, तसाच आरोपीच्या सुटकेलाही. वस्तीतील एक माउली मुलासाठी आमच्याकडे आली होती. जामीन मंजूर होता, ऐपतीचा जामीनदार नव्हता. आम्ही सबब सांगितली. ती सबब आजही आम्हाला बोचते.

मोतीराम नावाच्या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊही नाकारला गेला. १९७८ साली न्या. कृष्ण अय्यर यांनी हे चूक ठरवून रक्कम एक हजारावर आणली. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका न झाल्यास तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. १९८७ च्या कायद्याने कोठडीतील माणसाला मोफत वकिलाचा हक्क आहे. पण हे घरच्यांना सांगणार कोण?

ते काम आपले आहे. त्यांच्यासोबत विधी सेवा समितीच्या कार्यालयात जावे. मुलांची शाळा सुटू देऊ नये. आतल्या माणसाला पत्र लिहावे. माणूस ओळखीचा असेल तर जामीनदार व्हावे. आरोपी तारखेला हजर न राहिल्यास रक्कम आपल्याकडून वसूल होऊ शकते, हे समजूनच सही करावी. म्हणून सुटल्यावरही त्याला तारखेची आठवण द्यावी, सोबत जावे.

२०२२ साली महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने येरवड्यातील शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी 'जिव्हाळा' योजना आणली. जामीनदाराशिवाय पन्नास हजारांपर्यंत कर्ज! बँक विश्वास टाकते, मग समाजाने का टाकू नये?

अंगुलीमाल भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी दगड मारले. तथागतांनी मात्र त्याला संघात घेतले होते. आपण कोणाच्या बाजूला उभे राहायचे, हे आपणच ठरवायचे आहे.

जयभीम!