निरोगी दात्याचें अन्न

ज्या विषयावर आम्ही आज लिहीत आहों, त्याचें नांव घेतांच पुष्कळ वाचक नाक मुरडतील. परंतु निरोगी माणसाच्या मलानें मरणाच्या दारीं टेकलेलीं माणसें उठून बसलीं आहेत. तेव्हां विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या वडीलधाऱ्यांनीं क्षणभर संकोच सोडावा.

आपल्या मोठ्या आंतड्यांत असंख्य सूक्ष्म जंतु राहतात. त्यांतील बहुतेक आपले शत्रु नसून चाकर आहेत. धान्यभाज्यांचा जो चोथा आपणांस पचत नाहीं, तो ते आंबवितात आणि त्यांतून आंतड्याच्या अस्तरास पोषण मिळतें. प्रतिजैविक औषधांनीं हे चाकर मेले, कीं ओसाड घरांत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नांवाचा जंतु माजतो व रोगी जुलाबांनीं खंगतो. असा रोग वारंवार उलटलेल्या १६ रोग्यांस ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनीं निरोगी दात्यांचा मल मिठाच्या पाण्यांत कालवून, नाकावाटे घातलेल्या नळीनें दिला. सन २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांताप्रमाणें १३ रोगी एकाच खेपेस बरे झाले. नुसतें व्हँकोमायसिन घेतलेल्या दुसऱ्या १३ रोग्यांत बरे झालेले अवघे ४.

औषध दात्याच्या पोटांत तयार होतें, म्हणजे त्याच्या अन्नाचा प्रश्न आलाच. सन २०१४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका प्रयोगांत कांहीं निरोगी तरुणांस पांच दिवस नुसतें मांस, अंडीं व चीज, आणि निराळ्या वेळीं पांच दिवस धान्यें, कडधान्यें, भाज्या व फळें देण्यांत आलीं. मांसाचें अन्न आंतड्याच्या शेवटास पोंचल्यावर एका दिवसांतच जंतुसमाज पालटला. पित्त सोसणारे बिलोफिला वाढले. चोथ्यावर जगणारे रोझबुरिया घटले. त्यांत एक व्यक्ति आजन्म शाकाहारी होती. शास्त्रासाठीं तिनेंही मांस खाल्लें (आम्हांस तिचें कौतुक वाटतें), व तिच्या आंतड्यांतील प्रिव्होटेला जंतु ओसरले. मात्र प्रयोगाचें अन्न बंद होतांच सुमारें दोन दिवसांत जंतुसमाज पूर्ववत् झाला.

यावरून आमचें मत असें कीं, दात्याच्या चार दिवसांच्या पथ्यापेक्षां त्याचें वर्षानुवर्षांचें ताट पाहावें. तरी एक पथ्य अवश्य पाळावें लागतें : रोग्यास शेंगदाणे बाधत असतील, तर दात्यानें ते आधीं कांहीं दिवस वर्ज्य करावेत.

आणि ताट कितीही निर्दोष असो, तपासणी चुकवितां येत नाहीं. औषधांस न जुमानणाऱ्या ई. कोलाय जंतूंसाठीं अमेरिकेंतील एका दात्याचा मल तपासलेला नव्हता. तो दोन रोग्यांस दिला गेला. दोघांसही त्या जंतूंची बाधा झाली, आणि त्यांतील एक दगावल्याचें तेथील सरकारनें २०१९ सालीं जाहीर केलें.