श्रोत्यांपुढे उघडलेली खतावणी

मूल्यभेदाची व्याख्या वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. एकच वस्तू निरनिराळ्या ग्राहकांस निरनिराळ्या किमतीला विकणे म्हणजे मूल्यभेद. उदाहरणेही ठरलेली असतात: आगगाडीचे वर्ग, डॉक्टरांची फी, विजेचे दर. प्रस्तुत लेखात एक निराळे उदाहरण घ्यावयाचे आहे. ते आहे संगीताच्या धंद्यातले, आणि तेही अमेरिकेतले. ज्यांना हे यंत्रांवरचे संगीत म्हणजे निव्वळ गोंगाट वाटतो (आमच्या घरी एकमताने तसेच मत आहे) त्यांनी संगीत बाजूला ठेवून नुसते आकडे वाचले तरी चालेल.

'नाइन इंच नेल्स' हा वाद्यवृंद ट्रेंट रेझनर याने १९८८ साली क्लीव्हलँड शहरात सुरू केला. वृंद म्हणायचे इतकेच. पुढची कित्येक वर्षे त्यात कायमचा सभासद हा एकटाच होता. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत पडेल ते काम, अगदी झाडलोटसुद्धा, करावे आणि रात्री खोली मोकळी झाली की सिंथेसायझर व संगणक यांवर आपली गाणी मुद्रित करावीत, अशी त्याची सुरुवात झाली. पहिली ध्वनिमुद्रिका १९८९ साली आली. पुढे पहिल्या कंपनीशी भांडण, मग 'इंटरस्कोप' या मोठ्या कंपनीशी करार, लाखांनी खप, हा सगळा इतिहास नेहमीचाच आहे. आपल्या विषयाला आरंभ होतो तो २००७ साली, ऑस्ट्रेलियात.

त्या वर्षी 'इयर झीरो' ही त्याची नवी मुद्रिका निघाली. ऑस्ट्रेलियातल्या दुकानांत तिची किंमत तिथल्या चलनात सुमारे ३५ डॉलर होती. त्याच दुकानात एका लोकप्रिय गायिकेची नवी मुद्रिका २२ डॉलरच्या आसपास मिळत होती. आपलीच महाग का, असे रेझनरने कंपनीच्या माणसाला विचारले. त्याने सांगितल्याप्रमाणे उत्तर असे मिळाले की, तुझे श्रोते निष्ठावंत आहेत, ते काय वाटेल ती किंमत देतील. सवलत द्यायची ती ज्यांचा भरवसा नाही अशा गिऱ्हाइकांना. अर्थशास्त्राच्या दृष्टीने या उत्तरात काहीही चूक नाही. मागणी अलवचीक असेल तिथे किंमत चढी ठेवावी, असेच आपण परीक्षेत लिहितो. पण आपल्या गणपत गल्लीत कोणत्याही जुन्या दुकानदाराला विचारा, तो ठरलेल्या गिऱ्हाइकाला दोन रुपये कमीच लावील, जास्त लावणार नाही. त्याला पुस्तकातली लवचीकता ठाऊक नसेल, पण गिऱ्हाईक परत यायला हवे हे पक्के ठाऊक असते. रेझनरने ही हकीकत आपल्या संकेतस्थळावर आणि मुलाखतींतून जाहीर केली, आणि सप्टेंबरात सिडनीच्या कार्यक्रमात तर रंगमंचावरूनच श्रोत्यांना सांगितले की, माझे संगीत विकत घेऊ नका, चोरा आणि मित्रांना वाटा. मालकाच्या दुकानात बसून ग्राहकाला 'इथे घेऊ नका' असे सांगण्याचाच हा प्रकार. ऑक्टोबरात त्याचा करार संपला व तो मोकळा झाला.

मोकळे झाल्यावरचा पहिला प्रयोग त्याने दुसऱ्याच्या मालावर केला. साऊल विल्यम्स हा कवी-गायक. त्याची नवी मुद्रिका रेझनरने तयार करून नोव्हेंबर २००७ मध्ये इंटरनेटवर ठेवली. अट साधी होती: फुकट हवी तर फुकट घ्या, पाच डॉलर द्यावेसे वाटले तर द्या. दोन महिन्यांनी, म्हणजे जानेवारी २००८ च्या आरंभी, त्याने जे केले ते कोणतीही कंपनी करीत नाही. त्याने सगळा हिशेब श्रोत्यांपुढे मांडला. १,५४,४४९ लोकांनी मुद्रिका उतरवून घेतली आणि त्यांतल्या २८,३२२ जणांनी पाच डॉलर दिले. म्हणजे शंभरांत अठरा. पाच डॉलर ही काही मोठी रक्कम नव्हे, मग बाकीच्या ब्याऐंशींनी का दिले नाहीत, अशी खंतही त्याने त्याच निवेदनात व्यक्त केली.

इथे माझे रेझनरशी जुळत नाही. विल्यम्सची याआधीची मुद्रिका २००४ साली नेहमीच्या पद्धतीने निघाली होती आणि तेव्हापासून तिच्या ३३,८९७ प्रती खपल्या होत्या, हा आकडाही त्यानेच दिला आहे. जे गिऱ्हाईक जुन्या पद्धतीने गोळा व्हायला तीन वर्षे लागली, जवळजवळ तितकेच पैसे देणारे गिऱ्हाईक इथे दोन महिन्यांत आले. शिवाय सव्वा लाखाहून अधिक माणसांनी फुकट का होईना, पण मुद्रिका घरी नेली. १,४१,६१० डॉलरची जमा ही अपयश म्हणून लिहावी की यश म्हणून, हे आपण शेजारच्या रकान्यात कोणता आकडा ठेवतो त्यावर अवलंबून आहे. रेझनरने एकूण डाउनलोडचा आकडा ठेवला म्हणून तो खट्टू झाला. आणि त्याने आकडे झाकले असते तर आपल्याला हा वादही घालता आला नसता.

त्यानंतर २ मार्च २००८ रोजी त्याने स्वतःचा माल बाजारात आणला. 'घोस्ट्स १ ते ४' असे तिचे नाव. छत्तीस रचना, सर्व निःशब्द, अ‍ॅटिकस रॉस आणि इतर काही सहकाऱ्यांसह दहा आठवड्यांत केलेल्या. आधी जाहिरात नाही, कंपनी नाही. किमतींची उतरंड अशी होती. पहिल्या नऊ रचना फुकट. छत्तीसच्या छत्तीस डाउनलोड करायच्या तर ५ डॉलर. दोन सीडींचा संच १० डॉलर. कापडी बांधणीचा मोठा संच ७५ डॉलर. आणि सर्वांत वर, मोठ्या तबकड्या, चित्रे व रेझनरची सही असलेली क्रमांकित पेटी ३०० डॉलरला, फक्त २,५०० नग.

पहिल्याच दिवशी एवढी गर्दी झाली की संकेतस्थळ कोलमडले. पेट्या काही दिवसांतच संपल्या. पहिल्या आठवड्याचा हिशेब पुन्हा जाहीर झाला: फुकट व विकत सगळे धरून ७,८१,९१७ व्यवहार आणि सुमारे १६ लाख डॉलर जमा. आता वाचकांनी पेन्सिल घ्यावी. २,५०० गुणिले ३०० म्हणजे साडेसात लाख. एकूण व्यवहारांत हे पेटीवाले हजारी तीनला किंचित अधिक एवढेच. पण जमेच्या बाजूला त्यांचा वाटा निम्म्याला थोडाच कमी आहे. छत्तीस रचना तर पाच डॉलरवाल्यालाही त्याच मिळाल्या होत्या.

तेव्हा मुद्दा असा की, निष्ठावंत श्रोता जास्त पैसे देतो हे ऑस्ट्रेलियातल्या त्या कंपनीवाल्याचे म्हणणे खरेच होते, आणि रेझनरनेही नेमका त्याचाच फायदा घेतला. मग ३५ डॉलरला शिव्या आणि ३०० डॉलरला टाळ्या, हे कसे? माझ्या मते उत्तर 'उपभोक्त्याचे संतोषाधिक्य' या धड्यात आहे. कंपनीने निष्ठावंताचे आधिक्य त्याला न विचारता काढून घेतले. दुकानात दुसरा पर्यायच नव्हता. इथे पाच डॉलरचा दरवाजा उघडा होता, फुकटाचाही होता. श्रोता स्वतःच आपल्या ऐपतीची आणि प्रेमाची पायरी निवडत होता. नाटकाला पहिल्या रांगेचे तिकीट काढणारा माणूस मागच्या रांगेतल्याला शिव्या देत नाही आणि तिकीटबारीलाही देत नाही, कारण दरपत्रक बाहेर टांगलेले असते. आमच्या कानडी विभागातल्या एका मित्राचे म्हणणे याहून कडक आहे: त्याच्या मते ही निव्वळ हुशार विक्री आहे आणि बाकी सारा देखावा. विक्री हुशार आहे हे मलाही मान्य आहे.

देखावा मात्र म्हणवत नाही, कारण दिलेल्या गोष्टी खऱ्या होत्या. मे २००८ मध्ये 'द स्लिप' ही आख्खी मुद्रिका फुकट दिली. गाण्यांचे सुटे सुटे मुद्रण, म्हणजे ढोल वेगळा, आवाज वेगळा, असे श्रोत्यांना देऊन 'तुम्हीच नवे गाणे करा' म्हणणे त्याने २००५ पासूनच चालवले होते. जानेवारी २००९ मध्ये आपल्या कार्यक्रमांचे चारशे गिगाबाइटहून अधिक कच्चे चित्रीकरण वाटून टाकले. श्रोत्यांनी एकत्र येऊन त्याचे चित्रपट तयार केले.

या जमाखर्चाला दुसरी बाजूही आहे, आणि ती नवोदितांनी नीट वाचावी. ताळेबंदात 'ख्याती' नावाची एक अदृश्य मालमत्ता असते. रेझनरची ख्याती कंपनीच्या पैशाने, कंपनीच्या जाहिरातींनी वीस वर्षांत उभी राहिली होती. मोकळा होताना ती तो बरोबर घेऊन आला. ज्याला कोणीच ओळखत नाही त्याची ३०० डॉलरची पेटी कोण घेणार? रेझनरला हे कळत होते. २००९ साली नवोदितांना दिलेल्या सल्ल्यात त्याने सांगितले की आधी संगीत फुकट वाटा, श्रोत्यांचे पत्ते जमवा, त्यांच्याशी संबंध ठेवा. त्याच वर्षी, श्रोत्यांशी रोज मोकळेपणी बोलताना वाट्याला येणाऱ्या घाणेरड्या शेऱ्यांना कंटाळून त्याने स्वतः समाजमाध्यमे काही काळ सोडली. हिशेब मांडायला उघडलेल्या दारातून नुसते हिशेब वाचणारेच आत येत नाहीत.

आणि २०१३ साली तो पुन्हा मोठ्या कंपनीकडे गेला. 'हेझिटेशन मार्क्स' ही मुद्रिका 'कोलंबिया'ने काढली. असलेले श्रोते सांभाळायला स्वतःची यंत्रणा पुरते; नवे श्रोते गाठायला, परक्या देशांत दुकाने आणि वार्ताहर गाठायला माणसे लागतात, आणि ती कंपनीकडे असतात. काहींनी याला माघार म्हटले. मला तो हिशेबीपणाच वाटतो.

'घोस्ट्स'ची कहाणी मात्र पुढे चालू राहिली. ती मुद्रिका ज्या परवान्याखाली निघाली त्यात कोणीही ती वाटावी, तिच्यावरून नवे काही करावे, नाव द्यावे, पण परवानगीवाचून धंदा करू नये अशी मुभा होती. नेदरलँड्समधल्या एका तरुणाने तिच्यातल्या चौतिसाव्या रचनेचा तुकडा घेऊन एक ठेका बांधला व इंटरनेटवर विक्रीस ठेवला. लिल नॅस एक्स या तेव्हा अनोळखी असलेल्या गायकाने तो ३० डॉलरला घेतला. त्यावर रचलेले 'ओल्ड टाउन रोड' हे गाणे २०१९ साली अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' यादीत सलग १९ आठवडे पहिले राहिले. तोवरचा विक्रम १६ आठवड्यांचा होता. रेझनर आणि रॉस यांची नावे गीतकार म्हणून त्यावर रीतसर लागली. पुढच्याच वर्षी, २६ मार्च २०२० रोजी, जग टाळेबंदीत घरी बसले असताना 'घोस्ट्स'चे पाचवा आणि सहावा असे दोन भाग निघाले, आणि त्यांना किंमत लावलेली नव्हती.